वस्तऱ्याखालचं मत

तो न्हावी गावी परतला, तरी इथे आखातात, सनाबिसच्या त्या सलूनमध्ये दाढीला बसलो की अजून आठवतो. राजापूरकडचा. गिऱ्हाइकाचं मत विचारायचं असलं की आधी गळ्यावरचा वस्तरा उचलायचा. म्हणायचा, "वस्तऱ्याखाली माणूस होला हो म्हणतो."

एकदा टीव्हीवर अमेरिकेची बातमी होती: बंदुकीच्या तीस-तीस गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी घालावी का, याबद्दल लोकांची मतं. वस्तरा वर गेला.

"बोला भाऊ, बंदी हवी की नको?"

"हवी. तुमचं काय मत?"

"आमच्या बाबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. एकदा बांधाच्या भांडणात शेजाऱ्यावरच झाडली. बार हुकला. पुन्हा दारू ठासेस्तोवर राग खलास."

वस्तरा परत गळ्याशी आला.

"तोच शेजारी पुढे माझा सासरा झाला."