म्हशीले देलेला दोन नंबर

बुढीनं, म्हणजे माह्या बायकोनं, अन् मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे दारव्ह्याचा बाजार करून एसटीत भांडणं. तिनं खिडकीतून थैली टाकून जागा धरली. एकानं थैली उचलून बूड टेकवलं. म्हणे, "सीट रिकामी होती." बुढी म्हणे, "रिकामी? थैली दिसत नाही का तुले? डोये घरी ठेवून आला का?" तो उठला. खिडकी अर्थात तिले. मंग आठवड्यातच ती गेली.

आमचा प्रवीण पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. त्यानं घरात एक पेटी बसवली होती. व्हीपीएन म्हणे. "बाबा, ही आपली खासगी पाणंद. जो आत येईल त्याले नंबर." पेटीले एक, बुढीच्या फोनले दोन, माह्या फोनले तीन. (घरधन्याले तीन!) बुढी फुलसावंगीले माहेरी गेली तरी तिथून या पाणंदीनं दारावरच्या कॅमेऱ्यात घरचं दार पाहे, मी कुलूप लावलं का नाही ते.

तेरवी झाल्यावर प्रवीणनं म्हशीवर नजर ठेवाले शेतातल्या गोठ्यात कॅमेरा लावला. पुण्याले गेल्यावर फोनवर सहज म्हणे, "नवीन नंबर कोण बनवते? आईचाच टाकला."

"तुह्या मायचा नंबर म्हशीले देला?"

"रिकामाच होता ना बाबा."

"बाकीचे नंबर मेले का?"

"दोनशेच्या वर आहेत. पण काय फरक पडते?"

डोक्यात जाळ झाला. बुढीचा फोन कपाटातून काढला, चार्जिंगले लावला, चालू केला. धरली जागा.

मले काय माहीत, एका नंबरवर दोघं आले का पेटी एकाले बाहेर हाकलते? बुढी आत आली, म्हैस बाहेर गेली. (या घरात दुसरं काय होणार होतं?)

पुण्यात प्रवीणले गोठा दिसेना. त्यानं शेजारच्या गजाननले फोन केला, "काका, म्हैस चोरली!" भर दुपारी अर्धं गाव काठ्या घेऊन शेतात. मीबी पयत गेलो. म्हैस रवंथ करून राह्यली होती.

गजानन फोनवर म्हणे, "अबे, इथंच तर हाये."

"काका, मले दिसत नाही."

"मंग डोये तपास."

प्रवीणनं मले फोनवर बोलावलं. "बाबा, तुम्ही काही चालू केलं का?"

"तुह्या मायचा फोन."

"कायले?"

"जागा रिकामी नाही हे सांगाले. थैली दिसत नाही का तुले?"

गजाननले वाटलं, बुढा कामातून गेला.

संध्याकायी प्रवीणनं मुकाट्यानं म्हशीले नऊ नंबर देला. म्हशीची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकायी बुढीची थैली खिडकीत ठेवली, वर तिचा फोन ठेवला अन् दूध काढाले निघालो. अर्ध्या वाटेतून शिव्या देत परत फिरलो. कुलूप लावायचं राह्यलं होतं, अन् दोन नंबर चालू होता.