नानांचं बोट, माझं तोंड

“मी नानांची दासी आहे. नानांनी टाकलेला तुकडा खाते.”

माझा फोन बोलत होता. बाईच्या गोड, शुद्ध आवाजात. वखारीतले हमाल, मापाडी, मिरची घेऊन आलेले दोन शेतकरी, बठ्ठे पोट धरून हसत होते. मी समोर उभा. दोन्ही हात मिरचीनं माखलेले.

आधी माझा आवाज सांगतो. मी दोंडाईच्यात हाक मारली की शिंदखेड्याची कुत्री भुंकायची. स्टेशनात रेल्वेनं भोंगा वाजवणं सोडलं होतं, माझ्यावरच भागायचं. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. फोनमध्ये सोय टाकून घेतली. मी लिहायचं, फोननं बोलायचं. मिशी माझी अशी की चिमणीनं घरटं बांधावं, आणि आवाज बातम्या सांगणाऱ्या बाईचा! ट्रकवाले कर्जाची जाहिरात समजून फोन कापायचे. मी परत लावायचो. कापायचे, लावायचो. शेवटी तेच विचारायला लागले, “बाई, गाडी कधी लावू?” मी चालवून घेतलं. गाड्या माझ्या शब्दावर भरत होत्या ना.

त्या दिवशी एका ट्रकवाल्याशी बोलून झालं. फोन तसाच उघडा वजनकाट्यावर ठेवला आणि पोती शिवायला बसलो. नानांनी उचलला. वखार नानांची, मिरची नानांची, मग माझं तोंडही नानांचंच! दासी म्हणवलं. म्याँव करवलं. तरी पोट भरेना. माझ्याच घरी फोन लावला. स्पीकर चालू.

बायकोनं उचलला.

“मी नानांची दासी आहे.”

रोज संध्याकाळी याच आवाजात मी तिला विचारतो, भाजी काय आणू. मला वाटलं, आता जमीन फाटावी.

मग ती कडाडली, “हाऊ मना मानूस नही शे! कोन शे रे तू? फोन दे त्याले!”

हसणं बंद. माझी बायको, आवाज त्या बाईचा, तरी बोलणारा मी नाही हे तिनं एका वाक्यात ओळखलं. नानांनी फोन कापला. तोंड मिरचीहून लाल.

“माले ‘रे’ म्हनस?” फोन माझ्या छातीवर आपटला. “तिना बदल तू माफी मांग. आते. बठ्ठासमोर. नही ते उद्या येऊ नको.”

मी तिखट बोटांनी लिहायला लागलो. खानदेशातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या लिहिल्या. खोडल्या. ती बाई शिवीसुद्धा हवामानाच्या अंदाजासारखी देणार. परत लिहिलं, परत खोडलं. अख्खी वखार माझ्या फोनकडे कान लावून. आवाज होता तेव्हाही एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

“कितली मोठी माफी लिखी राह्यना रे?” नाना.

फोन बोलला, “नाही.”

मी आवाज पूर्ण वाढवला. परत दाबलं.

“नाही.”

काम गेलं. फोनला कुलूप घातलंय. आता दुसऱ्या वखारींना फोन लावतो. जाहिरात समजतात, हसतात, कापतात. मी परत लावतो. कापणाऱ्याचं बोट झिजेपर्यंत लावणार.

आणि यापुढे माझ्या तोंडात कुणी बोट घातलं, तर चावणार.