सासऱ्यांनी आणलेले सैल लायनर

लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासरे मला जावई न म्हणता मेस्त्रीच म्हणत. आमच्या मुरगूड भागात जावयाचा केवढा मान! पहिला पाट त्याला, तांबड्या रश्श्याची पहिली वाटी त्याला. मलाही वाटी मिळे, पण "घ्या की अजून, मेस्त्री" अशा आग्रहानं. मुलीनं नोकरीवाला सोडून डिझेलच्या वासाचा गॅरेजवाला नवरा पसंत केला, त्याचा हा सूड. वरून मी हसायचो आणि आतून जळायचो.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. साखर कारखान्याचा बॉयलर पेटायला, म्हणजे ऊस वाहायला, आठ दिवस उरले आणि त्यांचा जुना ट्रॅक्टर ऑईल प्यायला लागला. इंजिन खोलायचं काम नाइलाजानं माझ्याकडं आलं, पण नवे लायनर मात्र त्यांनी स्वतः जाऊन कोल्हापुरातून आणले. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते लोखंडी नळकांडं. ते इंजिनच्या ब्लॉकमध्ये घट्ट बसावं लागतं. इतकी महत्त्वाची वस्तू मेस्त्रीवर कशी सोपवायची?

गोठ्याशेजारी ब्लॉक मांडला. सासरे बाज टाकून राखणीला बसले. पहिला लायनर भोकावर धरून सोडला, तर तो आपल्याच वजनानं सुळकन खाली गेला. आधीच्या दुरुस्त्यांत भोकं मोठी झाली होती. बाहेरून जाड लायनर हवे होते, यांनी साध्या मापाचे आणलेले. सांगायला तोंड उघडतोय तोच ते म्हणाले, "हातोडा कुठं हाय, मेस्त्री? ठोकल्याबिगर लायनर बसतोय व्हय?"

आमच्याकडं कामाची पारख कानानं होते. म्हटलं, आवाजच पाहिजे ना, घ्या आवाज. ते वैरण टाकायला उठले तेवढ्यात मी तिन्ही लायनरच्या बाहेरच्या अंगाला पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, ठिपके मारले. ठिपक्याभोवती लोखंड जरा वर उचलतं आणि सैल लायनर घट्ट असल्याचं सोंग आणतो. गॅरेजमधली ही जुनी लबाडी, मीही पूर्वी केलेली. ते परत आल्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून असे घाव घातले की म्हैस दावं तोडायला निघाली.

"आत्ता कसं! काम खणखणीत हाय, मेस्त्री!" सासरे खूश.

तिन्ही लायनर बसले तेव्हा बायको चहा घेऊन आली. माझा चेहरा बघूनच तिनं हळू आवाजात विचारलं, "फशिवलंसा न्हवं आबास्नी?"

"मापच चुकीचं आणलंय त्यांनी. भोगूदेत की."

"भरली ट्रॉली घिऊन आबाच बसत्यात त्या ट्रॅक्टरवर. चढाला बंद पडला म्हंजी?"

मी कप खाली ठेवला. इंजिन तापलं की ठिपके दबणार, लायनर हलणार, गॅसकेट उडून इंजिन बंद पडणार आणि चढावर उसाची ट्रॉली म्हाताऱ्याला मागं ओढणार, हे मला तिच्याहून जास्त ठाऊक होतं. माझी मलाच लाज वाटली. मी ब्लॉक उलटा केला आणि तिन्ही लायनर ठोकून बाहेर काढले.

"बसल्यालं का काढाय लागलाय?" सासरे ओरडले.

मी एक लायनर त्यांच्या हातात दिला. "ह्यो ठिपका बघा. ही माझी लबाडी. आणि माप चुकलंय ते तुमचं."

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. सासऱ्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उद्या कोल्हापूरला जायचं."

सकाळी भोकांची मापं घेतली आणि निघालो. दुकानदारानं सासऱ्यांना लगेच ओळखलं. "काय पावणं, परवा तर साधंच माप पायजे म्हणून भांडून न्हेलासा की!"

सासऱ्यांनी टोपी सारखी केली. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तवा एकटाच आलतो. आज जावई संगं हायत. ते सांगतील ते माप द्या."

मी माप सांगितलं.