वाळायच्या आधी पाण्यात

पंप बसवता येतो असं मी आप्पांना सांगितलं होतं, ते अर्धंच खरं होतं. मालवणकडच्या किनाऱ्यावर तीन वर्षं मी वॉटर स्कूटर चालवली होती, गोड्या पाण्यानं धुतली होती, पर्यटकांना मागे बसवून फिरवलं होतं. तिचा पंप उतरवताना आणि परत चढवताना बऱ्याचदा बघितला होता. स्वतःच्या हातानं मात्र एकदाही बसवला नव्हता. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला, बघितलेलं आणि केलेलं यांतला फरक चारचौघांत कबूल करायची भीती वाटते. मला तरी वाटायची.

आप्पा केजचे कापडाचे व्यापारी. त्यांच्या घरी नवीनच केबल आली होती आणि तिच्यावर त्यांनी पाण्यावरून पळणारी स्कूटर बघितली. बीडजवळ पालीच्या तळ्यावर त्यांनी होड्या सुरू केल्या तेव्हा आमच्या किनाऱ्यावरची एक जुनी स्कूटर विकत घेतली, आणि तिच्याबरोबर मला नेलं. "यंत्र जाणणारा माणूस पायजे बरं का," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "नुसते चालवणारे इथं लई मिळतील." मी मान हलवली. घरी आईला कळवून टाकलं होतं की मी मेकॅनिक झालो. आता स्कूटर बंद पडली आणि मला ती दुरुस्त करता आली नाही, तर आप्पा मला परत पाठवणार, आणि गावात मी कुठल्या तोंडानं उतरणार, ही धाकधूक मला तिथं सकाळ-संध्याकाळ होती.

राहायची सोय झाली ती एका मिस्तरीकडे. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटरी बसवणारा, उतरवणारा हा माणूस. आप्पांच्या नांदूरघाटच्या मळ्यातलं कामही त्याच्याचकडे. सगळे त्याला तात्या म्हणत, मीही म्हणू लागलो. गेल्या गेल्या मला ताप भरला, तर तात्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, मावशींनी, आठ दिवस मला अंथरुणातून उठू दिलं नाही. कुणाचा कोण मी. त्या घराचं देणं माझ्या अंगावर आहे, हे मी विसरलो नव्हतो. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

उन्हाळा होता. तळं आटलं होतं, म्हशी धुवायला लोक पार आतपर्यंत उतरायचे. एका शनिवारी सकाळी पाण्यात पडलेलं म्हशीचं दावं स्कूटरनं खालून ओढून घेतलं आणि यंत्र घुर्रकन थांबलं.

"आवं, माझं दावं गिळलं की तुमच्या गाडीनं!" म्हशीवाला काठावरून ओरडला. "आता म्हशीला काय बांधू, तुमची लुंगी?"

लोक हसले. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांचे नवे जावई यायचे होते. धोंड्याचा महिना चालू होता. त्या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात, वाण देतात, आणि त्याचं तोंड जरा वाकडं झालं की पुढं वर्षभर मुलीला ऐकावं लागतं. आप्पांनी जावयाला स्कूटरवर फिरवायचं कबूल केलं होतं.

दावं पंख्याच्या दांड्याला इतकं आवळलं होतं की पंप उतरवल्याशिवाय निघेना. तात्या आपली हत्यारं घेऊन आले. पंप उतरवून दावं कापून काढेपर्यंत उन्हं कलली. आता परत बसवायचा. या स्कूटरचं असं असतं की पंप पोटाखालून पाणी ओढतो आणि मागे जोरात फेकतो, त्यावर ती पळते. पंप जिथं बोटीला टेकतो तो सांधा चहूबाजूंनी बंद पाहिजे. तिथून हवा शिरली की पंखा नुसता रिकामा फिरतो. म्हणून सांधा बुजवायचं जुनं सिलिकॉन खरवडून काढायचं, दोन्ही अंगं कोरडी पुसायची, नवं भरायचं, बोल्ट आवळायचे आणि एक दिवस एक रात्र तसंच ठेवायचं. हे सगळं मला माहीत होतं. त्या किनाऱ्यावरचा कारागीर हे मोठ्यानं बोलत बोलत करायचा.

खरवडलं, भरलं, बोल्ट आवळले, सगळं तात्यांनीच, मी सांगेन तसं. "किती येळ लागतो वाळायला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मंग सोमवारी पाण्यात," म्हणाले, आणि खिशातून लाल कापडाची चिंधी काढून स्कूटरच्या मुठीला बांधली. विहिरीवरही ते असंच करत. पाइपाचा सांधा भरला की स्टार्टरला चिंधी बांधायचे, आणि ती ते स्वतः सोडेपर्यंत शेताचा मालकसुद्धा मोटर चालू करत नसे. पालीपासून नांदूरघाटपर्यंत त्या चिंधीला कुणी हात लावल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"आप्पास्नी सांग, उद्या न्हाई व्हणार म्हणून," तात्या म्हणाले आणि एका विहिरीवर निघून गेले.

तासाभरानं आप्पा आले. "झाली का रं गाडी? उद्या पावणे हायेत, ध्यानात हाय ना?"

'सोमवारी' एवढा एकच शब्द बोलायचा होता.

"झाली आप्पा," मी म्हणालो.

"चालू करून दाव मंग."

मी चिंधी सोडली. खिशात कोंबली. स्कूटर पाण्यात ढकलून काठाकाठानं हळू एक फेरी मारली. चालली. आप्पा खूश होऊन गेले, आणि मी स्वतःला समजावलं की चालली म्हणजे धरलंय सिलिकॉन.

रविवारी सकाळी अर्धं केज काठावर होतं असं वाटत होतं. जावई नवाकोरा सफारी घालून, वर तरंगायचं जाकीट चढवून माझ्या मागे बसले. तळ्याच्या मधोमध गेल्यावर म्हणाले, "जोरात घे की." मी मूठ पिळली. यंत्र किंचाळलं आणि स्कूटर जागच्या जागी बसली. परत पिळली. नुसता आवाज. मागून बुडबुडे येत होते.

"काय झालं बे?" जावई माझ्या खांद्याला घट्ट धरून म्हणाले. त्यांना पोहता येत नव्हतं.

काठावरचं पाण्यावरून सगळं ऐकू येतं. "आप्पा, जावई तिकडंच ठिवायचे का?" कुणीतरी ओरडलं. "धोंडे होडीत घालून पाठवा, तिथंच जेवतेत!"

होडी घेऊन आले ते तात्याच, रात्रभर विहिरीवर काम करून नुकतेच परतलेले. त्यांनी आधी जावयांना उतरवून घेतलं, मग दोर बांधायला स्कूटरच्या मागे वाकले. सिलिकॉनची ओली पांढरी वात सांध्यातून लोंबत होती. ती त्यांनी दोन बोटांत धरून बघितली, मग चिंधी नसलेल्या मुठीकडे बघितलं. दोर आवळला आणि होडी काठाकडे वळवली.

काठावर आप्पांनी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे मोहरा वळवला. "मिस्तरी, तुमी विहिरीच्या मोटरी बसवा. ह्याच्यात कावून हात घातला? त्या पोराला येतंय समदं, त्याला करू द्यायचं व्हतं!"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या जाकिटाचा पट्टा सोडवत होतो. तो सुटलेलाच होता.

"चुकलंच आप्पा," ते म्हणाले. "घाई झाली माझी."

संध्याकाळी ताटावर बसल्यावर, मावशी पाण्याला बाहेर गेल्या तेव्हा, मी कसंबसं तोंड उघडलं. "तात्या, काल मी..."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "तू परक्या मुलखातला. खरं कळलं असतं तर उद्याच्या एसटीत बसवलं असतं तुला. मला इथं चार गावं वळखतेत, माझं काय अडत न्हाई." भाकरी मोडता मोडता थांबले. "फकस्त एक सांग. मी तुज्याकडं बघितलं, तवा तू कुठं बघत व्हतास?"

तेवढ्यात मावशी घागर घेऊन आत आल्या, आणि मी ती उतरवून घ्यायला उठलो.

सोमवारी सकाळी पंप परत उतरवला, खरवडला, भरला, आणि पुरता वाळू दिला. मंगळवारपासून स्कूटर झकास चालली. आप्पा मला आणखी दोन उन्हाळे ठेवून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचा मेकॅनिक" म्हणून दाखवायचे. रोज एकदा तरी ते एकटे असायचे, रोज सांगता आलं असतं.

तात्यांचं मात्र अडलं. आप्पांनी मळ्यातलं काम काढून घेतलं, त्यांचं बघून त्यांच्या भावांनी, मग सोयऱ्यांनी. मावशींना कारण माहीत नव्हतं. तात्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. मी दुपारी जेवायला आलो की त्या विचारायच्या, "आप्पाच्या मळ्यात पंपाचं काय निघालं का रं काम? तुज्या तात्यांना निरोप दिला का कुणी?"

"न्हाई मावशी," मी म्हणायचो. एव्हाना मी त्यांच्यासारखाच बोलू लागलो होतो. नांदूरघाटच्या विहिरीत नवी मोटर उतरली त्या दुपारीही मी तेच म्हणालो. सकाळी आप्पांच्या जीपमध्ये मागे बसून, दुसऱ्या मिस्तरीचे पाइप हातांनी धरून, मीच तिथं गेलतो.