ताट बघणाऱ्या बाई

"तोंडाचं राहू दे, ताट दाखव."

बाई असं म्हणाल्या की पंगतीतली मुलगी मुकाट्यानं ताट पुढे सरकवायची. बाई पळी हातात धरून वाकायच्या. काय उरलंय, काय कडेला लोटलंय, काय हळूच शेजारणीच्या ताटात गेलंय, सगळं बघायच्या आणि मगच पुढे सरकायच्या. नवऱ्यावर, सुनेवर, दूधवाल्यावर संशय घेणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. या बाई उरलेल्या भातावर संशय घ्यायच्या.

धानोऱ्याच्या पुढे जंगलात आमची मुलींची निवासी शाळा. बाई तिथे स्वयंपाक करायच्या आणि मी खेळ शिकवायचो. निदान पगार तरी त्याचाच घ्यायचो. मी मूळचा कबड्डीवाला. फुटबॉल शिकलो मोबाईलवर. आज बघायचं, उद्या शिकवायचं. त्यामुळे मुलींपेक्षा मी कायम एक दिवस पुढे असायचो, त्याहून जास्त नाही.

मलाही बाईंचा संशय होता. त्यांच्या बहिणीची मुलगी ज्या शाळेत शिकत होती, त्याच शाळेनं आदल्या वर्षी आम्हाला हरवलं होतं. हरवलं कसलं, सोलून काढलं होतं. नडगीवर लाथा, वेणीला हिसके, रेफरीची पाठ फिरली की बरगडीत कोपर. आमच्या मुली लंगडत जीपमध्ये चढल्या होत्या. आणि आता सराव सुरू झाला की बाई तांदूळ निवडायला सूप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या. हात सुपात, नजर मैदानावर. मैदान म्हणजे तुडवून सपाट केलेली धानाची बांधी, भाताचं खाचर. बातम्या तिकडे पोचतात, अशी माझी खात्रीच झाली.

मग मी सापळा लावला. बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मुलींना सांगितलं, "यंदा सगळा हल्ला डावीकडून!" दुसऱ्या दिवशी बाईंनी मला भांडी घासायच्या जागेजवळ गाठलं.

"सर, डावीकडून काऊन? डावीकडची पोट्टी तर चार दिवसांपासून लंगडून राह्यली."

"कोण म्हणतं?"

"मांडी घालून बसत नाई जेवाले. एक पाय लांबच ठेवते."

चार दिवस मी त्या मुलीला पळवत होतो. हेर पकडायला गेलो आणि स्वतःच पकडला गेलो.

पण एवढ्यावर शहाणा होईल तो मी कसला! त्याच शाळेशी सामना जवळ आला तशी मला एक विद्या सुचली. समोरच्या मुली कोपर मारतात ना, मग आपणही मारू. रेफरीला दिसणार नाही असं कोपर कसं काढायचं, ते मी एका संध्याकाळी शिकवलं. जो पास तीन महिन्यांत जमला नव्हता तो राहिलाच, पण कोपर मुलींना त्या एका संध्याकाळी जमलं. मी धन्य झालो.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या सरावात तेच कोपर आमच्याच गोलकीपरच्या कानशिलावर बसलं. पोरगी आडवी झाली. दोन क्षणांनी उठून बसली, हसली आणि म्हणाली, "काई नाई झालं, सर."

"शाब्बास वाघीण!" मी म्हणालो. अजूनही हे शब्द आठवले की आपलंच कानशील चाचपावंसं वाटतं.

दुपारी बाई पळी घेऊनच मैदानावर आल्या.

"सर, तिनं वांगं खाल्लं."

"चांगलं झालं की!"

"काय चांगलं? पाच वर्षांत तिनं वांग्याले हात नाई लावला. रोज शेजारणीच्या ताटात ढकलते. आज सगळं खाल्लं, आणि वरून म्हणते मले वाढलंच नाई. उजेडाकडं पाठ करून बसली होती. तिचं डोकं ठिकाणावर नाई, सर. उद्या तिले नेऊ नका."

मी मनात म्हटलं, आली बहिणीची मुलगी आडवी. आमची एकच गोलकीपर चांगली, आणि नेमकी तीच नको? उघडपणे म्हणालो, "बाई, वांगं खाल्लं म्हणून मी खेळाडू बसवायला लागलो तर संघात उरेल कोण?"

बाई पळी घेऊन परत स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी जीप निघायच्या वेळी बघतो तर गोलकीपरच्या जागेवर बाई बसलेल्या, पदर खोचून.

"उतरा, बाई. उशीर होतोय."

"तिले गोलात उभी करता तर मले करा. मी उभी राहतो. माह्या डोक्याले तरी काई झालं नाई."

मुली खिदळल्या. गोलकीपर खाली उभी राहून रडू लागली. "सर, मले खेळू द्या. जिल्ह्यावर जायचं हाये मले." तिला एवढीच एक वाट होती आणि ते मलाही ठाऊक होतं. वाद मिटवावा म्हणून मी तिला विचारलं, "काल दुपारी भाजी कोणती होती?"

ती विचार करत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "आलू."

खरं सांगतो, तेव्हाही एक क्षण माझ्या मनात आलं, आलू काय नि वांगं काय, गोल अडवायला भाजी कशाला लागते? मग मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली.

जीप आधी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेली. तिथे बाई आणि पोरीला सोडून आम्ही मैदानावर गेलो. चार गोलांनी हरलो. परत आलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, मेंदूला हिसका बसलाय, काही आठवडे खेळ नाही, मोबाईल नाही, ऊन नाही. "आज यावर दुसरा मार बसला असता तर," एवढंच म्हणून ते थांबले. मग त्यांनी विचारलं, "वेळेत कुणी ओळखलं?"

"मी," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

परतीच्या वाटेवर अर्धं जंगल मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं सर, तुमी ओळखलं."

जीपमधल्या अकरा मुली खिडकीबाहेर बघून हसत होत्या. बारावी बाईंच्या मांडीवर झोपली होती.

मुलींनी कोपर विसरावं म्हणून मी पुढे वर्षभर झटलो. शिकवलेलं विसरायला लावणारा व्हिडिओ मोबाईलवर मिळत नाही.

नंतर शाळेत जेवण गाडीनं येऊ लागलं. दूर कुठेतरी मोठं स्वयंपाकघर, झाकणबंद स्टीलचे डबे, सगळं वेळेवर, सगळं स्वच्छ. गाडीवाला उतरवून घेतल्याची सही घेतो आणि निघून जातो. चुली विझल्या, बाई आपल्या गावी गेल्या. निघताना मी विचारलं, "आता मी यांच्यावर लक्ष कसं ठेवू?"

"वाढाले उभे राहत जा," त्या म्हणाल्या. "वाढल्याशिवाय कोणाचं काई समजत नाई."

तेव्हापासून वरणाची बादली माझ्या हातात असते. सुरुवातीला निम्मं वरण मुलींच्या पायावर सांडायचं. कोण काय टाकते, कोण काय लपवते, हे आता कुठे दहा-बाराजणींचं समजलंय.

परवा सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या पुढच्या फळीतल्या मुलीनं वरण दुसऱ्यांदा मागितलं नाही. एरवी तीनदा मागते. विचारलं तर म्हणाली, "आज मन नाई, सर." सरावात ती पडल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाकीच्या मुलींना विचारलं, तर सगळ्याजणी एकदम "नाई" म्हणाल्या. एकदम म्हणाल्या, हेच मला खटकलं.

सामन्याला मी तिला बाहेर बसवलं. बुटाच्या नाड्या करकचून बांधून ती पाण्याच्या कॅनवर बसून होती, माझ्याकडे पाठ करून. आम्ही एका गोलानं मागे होतो. "सर, मले खरंच काई नाई झालं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मुली मैदानातून माझ्याकडे बघत होत्या.

ती खरं बोलत होती का, मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही. बाईंनी सांगितलं असतं.

मी तिला बसवूनच ठेवलं.