पगारेकाकांची पवनचक्की

पगारेकाका सकाळी गच्चीवर आले की आधी खिशातला रुमाल काढायचे. एक टोक चिमटीत धरून हात लांब करायचे आणि रुमाल किती फडफडतो ते बघून निकाल द्यायचे, "आज वारा फर्स्ट शिफ्टला आलाय," नाहीतर, "आज गडी दांडी मारणार." सगळा जन्म एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून काढलेला. त्यांना वाराही हजेरीपटावरचाच वाटायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीच्या गच्चीवर स्वतःच्या हातांनी पवनचक्की उभी केली. पाती पीव्हीसी पाइप कापून केलेली, मोटर भंगारातल्या ट्रेडमिलची, घरात एक बॅटरी. त्यावर त्यांचे दोन दिवे लागायचे आणि वारा चांगला असला तर एक पंखा. "वाऱ्यानं पंखा फिरवायचा आन् पंख्याचा वारा घ्यायचा, लय उरफाटं काम हाय," म्हणून स्वतःच हसायचे. एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जन्मभर कोळसा जाळला. एक दिवा तरी धुराबिगर लावू द्या की."

माझा फ्लॅट गच्चीच्या थेट खाली. वारा वाढला की खांबाची घरघर स्लॅबमधून माझ्या खोलीत उतरायची आणि माझं डोकं फिरायचं. पण या माणसाने माझा मिक्सर, गळका नळ, मुलीची सायकल, सगळं फुकटात दुरुस्त केलेलं. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. सोसायटीचा सेक्रेटरी मीच होतो. एका रविवारी जिन्यात गाठून म्हणालो, "काका, लोकांच्या तक्रारी आहेत हो, आवाजाच्या. उतरवावी लागेल." तक्रार एकाही माणसाची नव्हती.

काकांनी वाद घातला नाही. त्याच दुपारी चक्की उतरवून गच्चीच्याच कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकून ठेवली. आणि संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घरोघर माफी मागायला निघाले! हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी माझी बेल वाजली.

"समद्यांकडं जाऊन आलो," ते म्हणाले. "कोणी म्हणे, आवाज कधी आलाच नाय. कोणी म्हणे, काढली कशाला? आता तुमचंच घर राहिलं."

मी दार आणखी उघडलं.

"भाऊ, मला नुसतं सांगितलं असतं, तर खांबाखाली रबर टाकलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं."

ते दारातच थांबले. कशासाठी, ते मला कळत होतं. 'लावा परत' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चहा घेणार?"

"नको," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर वर्षभर ते होते. मग आजाराचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेले. त्यांच्या मुलाने भंगारवाला बोलावला, तेव्हा गच्चीचं कुलूप मीच उघडून दिलं. कोपऱ्यातलं प्लास्टिक बाजूला केलं. पाती पुसून ठेवलेली होती आणि खांबाच्या बुडाला जाड, नवं रबर बसवलेलं होतं. वर्षभर ते माझ्या एका शब्दासाठी थांबले होते, आणि मी त्यांना रोज जिन्यात "काय काका, बरं ना?" एवढंच विचारत होतो.