आमचा डेपो आणि माझी रायफल

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आपल्याच शहाणपणापायी माणूस कसा पकडला जातो, त्याची ही गोष्ट आहे. आणि पकडला गेलेला माणूस मी!

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी राहणारा नाचणगावचा. दिवसा पुलगावच्या जिनात कापूस तोलायचा आणि उरलेल्या वेळात घरची ज्वारी राखायची. राखणीला मामांची जुनी विलायती रायफल होती. दिसायला झकास, लायसन माझ्या नावावर. खोट एकच. तिची काडतुसं विलायतेहून यायची, ती यायचीच बंद झाली. नागपूरचा दुकानदार म्हणाला, "आता तिले भिंतीवर टांगा अन् हार घाला."

इकडे ज्वारी दाण्यावर आलेली आणि रानडुकरं माजलेली. सकाळी पाहावं तर ओळीच्या ओळी आडव्या! शेवटी रामजी पाटलांनी ठरवलं, येत्या रविवारी हाका काढायचा. गावानं डबे वाजवत डुकरं नाल्याकडे रेटायची.

"तुम्ही नाल्यावर बसजा," पाटील मला म्हणाले. "गावात रायफल तुमच्याच घरी. ज्वारी आता तुमच्या हाती."

गावाची ज्वारी माझ्या हाती, आणि माझ्या हातात काडतूस एकही नाही. झोप लागेल का सांगा?

दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला कादरभाई मिस्त्रींकडे गेलो. बंदूक दुसऱ्या बोराची, म्हणजे दुसऱ्या मापाच्या काडतुसाची, करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी रायफल उलटसुलट पाहिली.

"नळी बदलू. तीनशे पंधरा बोर करून घ्या. देशी काडतूस आहे, नागपुरात दुकानावर मिळते."

इथं माझी अक्कल जागी झाली. नागपूर कशाला? पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे. मालगाड्या भरभरून माल उतरतो. त्याच्याइतकं जवळचं काडतूस दुसरं कोणतं?

"कादरभाई, फौजेचं काडतूस बसेल अशी करा."

"फौजेचं? कुठून आणसान?"

"आमच्या डेपोतून!"

आता आमच्या गावची एक खोड सांगतो. आम्ही सगळ्यालाच 'आमचं' म्हणतो. आमचं स्टेशन, आमची मेल, आमचा कलेक्टर. हे कादरभाईंना काय माहीत? त्यांनी माझ्या खाकी शर्टाकडे पाहिलं आणि लगबगीनं स्टूल पुसलं.

"डेपो तुमचाच?"

"आमचाच."

"किती वर्षं झाले?"

"मोठी लढाई चालू होती तेव्हापासून!"

"बापरे! बसा साहेब, बसा. चहा मागवतो."

मला वाटलं, किती आदबशीर माणूस!

चहा झाल्यावर ते हळूच म्हणाले, "साहेब, ते बोर आम पब्लिकले मना आहे. तुमच्या डेपोची चिठ्ठी असन तर गोष्ट अलग. चिठ्ठी आणजा, तोवर मी जुनी नळी काढून ठेवतो."

चिठ्ठी म्हणजे काय, दोन ओळींचं काम! मी म्हटलं, काढा.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "नळी काढली? मंग उरलेलं लाकूड काऊन नाई आणलं? चुलीले कामी आलं असतं."

गुरुवारी सकाळी डेपोच्या फाटकावर हजर झालो. उत्तरेकडचे एक मिशाळ सुभेदार समोर आले.

"क्या चाहिए?"

"काडतूस. दो डझन. और एक चिठ्ठी." वर मोठ्या मनानं म्हणालो, "थोडे पुराने रहेंगे तो भी चलेंगा."

शिट्टी वाजली! दोन जवानांनी माझे दोन दंड धरले.

"काडतूस किसलिए?"

"इतवार को पूरा गाव घेरा डालनेवाला है. मैं नाले में छुपके बैठेगा."

सुभेदारांचे डोळे मोठे झाले. "मारना किसको है?"

"सुअर को!"

त्यांना वाटलं, मी त्यांनाच म्हणालो. झालं! थेट चौकीत नेऊन बसवलं. माझी हिंदी जितकी चालत गेली, तितका मी खोल जात राहिलो.

संध्याकाळी रामजी पाटलांना बोलावणं गेलं. सुभेदार त्यांना म्हणाले, ओळख पटवून लेखी द्या. पाटलांनी लिहिलं, "सदर इसम आमच्या गावचा असून सज्जन आहे. डोक्याने भोळा आहे. याच्यापासून सरकारास धोका नाही." मग हाक्याची हकीकतही त्यांनीच नीट सांगितली. सुभेदार इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. चिठ्ठीची एक नक्कल त्यांनी ठेवली, एक मला दिली.

रविवारी मी लाजेनं घरात बसलेलो, तर हाक्याला म्हणून सुभेदार स्वतःची रायफल घेऊन दारात! पाटलांनी माझी जागा त्यांना दिली आणि माझ्या हातात वाजवायला डबा दिला. पहिल्याच बारात हा एवढा एकांडा डुक्कर पडला. बाकीची नदीपार पळाली, ज्वारी वाचली.

मी रिकामं काडतूस उचलून म्हटलं, "साहेब, ये डेपो का है ना?"

"पागल हो क्या? वहाँ एक-एक गोली की गिनती है. मैं तो नागपुर की दुकान से लाता हूँ. तीन सौ पंद्रह."

सोमवारी मान खाली घालून वर्ध्याला गेलो. मला पाहताच कादरभाईंनी पुन्हा स्टूल पुसलं.

"आणली का साहेब, डेपोची चिठ्ठी?"

खिशातली पाटलांची चिठ्ठी काढून पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग पुसलेल्या स्टुलावर स्वतः बसले आणि तीनशे पंधराची नळी हातात घेतली.

"हे लायसनले टाचून ठेवजा," ते म्हणाले. "बंदुकीपेक्षा तुम्हाले हेच जास्त कामी पडन."